हजामत, वस्तरा आणि फिटकरी

हजामत हा शब्द आपण नेहमी वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ दाढी करणे असा नाही. अरबीत ‘हिजामा’ म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणे आणि ते काम करणारा तो ‘हज्जाम’. इ.स. १००० च्या सुमारास कोर्डोबाच्या अबुल कासिम अल-जहरावी यांनी ‘अत-तसरीफ’ हा वैद्यकाचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यातल्या शस्त्रक्रियेच्या भागात तुंबडीचीही माहिती आहे. धारदार हत्यार ज्याच्या हाती, त्याच्याकडेच दाढीचेही काम गेले आणि शब्दाचा अर्थ बदलला.

बाकीच्या शब्दांचाही प्रवास पाहण्यासारखा आहे. मराठी न्हाव्याच्या धोकटीतला वस्तरा फारसी ‘उस्तरा’वरून आला. उर्दू बोलणाऱ्या घरात जिला फिटकरी म्हणतात तिचे मूळ मात्र संस्कृत ‘स्फटिकारी’. मराठीने तिच्या तुरट चवीवरून तिला तुरटी म्हटले. दाढीच्या या साध्या सामानात भाषांचे भांडण कधी नव्हतेच.

आपला रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाई. तिथल्या मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि सोललेल्या कातडीची आग लवकर शमत नाही. जुना कारागीर त्यावर औषध देत नसे, पद्धत पाळत असे. आधी बोटांनी पाणी चोळून चोळून दाढी भिजवायची. भिजलेला केस मऊ होतो आणि कमी जोराने कापला जातो. मग वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजायचा, कारण बोथट धार केस ओढते आणि कातडी खरवडते. हात केसांच्या दिशेने चालवायचा. शेवटी ओली तुरटी फिरवायची. तिने कातडी आवळते आणि बारीक कापल्याचे रक्त थांबते. पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवायची तीच ही तुरटी.

या पद्धतीत दोषही होते. एकच वस्तरा अनेक गालांवर फिरे. त्यातून गजकर्ण आणि फोड पसरत, आणि हिपॅटायटीस ‘बी’सारखा आजारही पसरू शकतो. एड्सविषयी जागृती झाल्यावर गिऱ्हाईक ‘नवीन ब्लेड लावा’ असे सांगू लागले, ते योग्यच झाले. शिवाय कितीतरी गावांत दलितांची दाढी करायला नकार दिला जाई. घरात आलेले ब्लेड निदान कुणाची जात विचारत नव्हते.

ते ब्लेड आणले अमेरिकेच्या किंग जिलेट यांनी. त्यांना १९०४ साली पेटंट मिळाले, आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांना वाटलेल्या लाखो रेझरांमुळे रोज स्वतः दाढी करण्याची सवय पसरली. १९७१ साली कंपनीने दोन पात्यांचा रेझर बाजारात आणला. पहिले पाते केस ओढते, दुसरे तो कापते. कापलेला केस मागे सरकून कातडीच्या खाली जातो. गाल गुळगुळीत लागतो, पण खरा त्रास इथेच सुरू होतो. कुरळा केस वाढताना बाहेर येण्याऐवजी कातडीतच घुसतो आणि पुटकुळ्या उठतात. अमेरिकी लष्करात आफ्रिकी वंशाच्या सैनिकांना या त्रासामुळे दाढी ठेवण्याची सूट मागावी लागली. आपल्या किनाऱ्यावर तर जंजिऱ्याचे सिद्दी, अरब व्यापारी, कोकणी, कोळी असे सगळेच नांदले. इथे केसांचीही एकच जात नाही. मग सर्वांना एकच ‘क्लोज शेव्ह’ कसा मानवेल?

दाढी राखणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. जुम्म्याच्या आधी खत काढले जाते तेव्हा वस्तरा गळ्यावर फिरतो. तिथे केस वेगवेगळ्या दिशांना वळलेले असतात, त्यामुळे आगही तिथेच जास्त होते.

हे सगळे लिहिण्याचे कारण आजची मुले. मिसरूड फुटली की नववी-दहावीचा मुलगा कोरड्या गालावर घाईघाईने तीन-चार पात्यांचा रेझर उलटा ओढतो. पुटकुळ्या आल्या की मित्राने सांगितलेली ट्यूब लावतो. अशा कितीतरी ट्यूबमध्ये स्टिरॉइड असते. चार दिवस चेहरा उजळ दिसतो, मग कातडी पातळ आणि लाल होते, मुरमे वाढतात. सरकारने २०१८ साली अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी ती सहज मिळतात.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलाला ट्यूबच्या आधी पद्धत शिकवावी. दोन-तीन मिनिटे दाढी भिजवावी, साबणाचा फेस करावा, ब्लेड स्वतःचे आणि धारदार असावे, हात केसांच्या दिशेने, उलटा हात नको. नंतर गार पाणी. तुरटी चालत असेल तर हलकी फिरवावी, झोंबत असेल तर सोडून द्यावी. पुटकुळ्या आल्याच तर काही दिवस ब्लेड बंद ठेवून मशीनने थोडे केस राखावेत. पू झाला किंवा डाग राहू लागले तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे. गालावर किंचित खरखर राहिली तर बिघडत नाही. जुने हज्जाम ती राहू देत.