मुरबाडच्या दुकानात सगळे का मिळायचे?

मुरबाड-शहापूरच्या जुन्या पेठेतील दुकानांचा विषय निघाला की 'तिथे सगळे मिळायचे' हे वाक्य हमखास येते, आणि ते खोटे नाही. ब्रिटिश अमदानीच्या अखेरच्या काही दशकांत तालुक्याच्या गावच्या वाण्याकडे मीठ, मिरची, हळद, गूळ, सुपारी, तंबाखू, कात हा जुना किराणा होताच. त्याच्या शेजारी रॉकेल, काड्यापेट्या, कंदील, कंदिलाच्या काचा आणि वाती, खिळे, सुया, दोऱ्याची रिळे, कपड्यांचा साबण, नीळ, पत्र्याच्या पेट्या, पाटी-पेन्सिल, मांजरपाट, कापूर आणि पुढे चहाची भुकटी येऊन बसली. याचा अर्थ सहसा असा लावला जातो की आगगाडी आली, मुंबईचा माल आला, खेड्यातले राहणीमान सुधारले. हा अर्थ मला अपुरा वाटतो. गिऱ्हाईकाला सगळे एकाच खात्यावर घ्यावे लागे, म्हणून दुकानदाराला सगळे ठेवावे लागे. त्या फळ्यांवरचे वैविध्य सुबत्तेपेक्षा उधारीने घडवलेले होते.

आगगाडीचा मुद्दा आधी पाहू. 1854 साली रेल्वे कल्याणला पोचली, 1855 मध्ये वासिंदला आणि 1860 च्या सुमारास आसनगावला, म्हणजे शहापूरच्या वेशीवर. मुरबाडला रूळ गेलेच नाहीत. कल्याणहून सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता बैलगाडीनेच तुडवावा लागे. स्वीडनची काड्यापेटी आणि परदेशी रॉकेलचा चार गॅलनचा डबा या डोंगराळ मुलखात कसा पोचला, हे रेल्वेवरून कळते. पण काड्यापेटी, लुगडे आणि खिळे एकाच माणसाने का विकावेत, याचे उत्तर रेल्वेपाशी नाही. उलट मालाची आवक वाढली की धंदे वेगळे होतात. मुंबईत कापड मंगळदास मार्केटात, तांब्या-पितळेची भांडी तांबाकाट्याला, अशी विभागणी झाली. त्याच मुंबईत एका छपराखाली सगळे विकणारे दुकानही होते, हॉर्नबी रोडवरचे व्हाइटअवे लेडलॉ. पण तिथला नियम रोखीचा, इतका की इंग्रज गिऱ्हाइकांनी त्या नावाची 'ताबडतोब पैसे मोजा' अशा अर्थाची विडंबने केली. पगारदार साहेबाला एका छताखालची सोय हवी होती. मुरबाडच्या कुणब्याला किंवा ठाकराला सोय नको होती असे नाही, पण त्याच्याकडे वर्षातले बरेच महिने पैसाच नव्हता.

दुसरा आक्षेप भूगोलाचा, आणि तो जास्त वजनदार आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा पाऊस मुसळधार. काळू, भातसा, बारवी या नद्यांना पूर आला की वाटा बंद. म्हणून आगोटीला, पावसाच्या तोंडावर, चार महिन्यांची बेगमी करणे घराला भाग होते आणि दुकानालाही. तेव्हा सर्व तऱ्हेचा साठा एका ठिकाणी असणे स्वाभाविकच, असे कोणी म्हणेल. पावसाने साठ्याचा आकार ठरवला हे मान्य. पण कार्तिकात वाटा मोकळ्या झाल्यावर गिऱ्हाईक कल्याणला का जात नव्हते? आणि ज्या वर्षी गेले, त्या वर्षीही ते पुन्हा आपल्याच वाण्याच्या ओट्यावर का येत होते? याचे उत्तर नदीच्या पुरात सापडत नाही, वहीत सापडते.

म्हशाची जत्रा इथे उत्तम पुरावा ठरते. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा गावी भरणारी ही यात्रा बैलांच्या बाजारासाठी, घोंगड्यांसाठी, टोपल्या-सुपांसाठी आणि घरगुती सामानासाठी नावाजलेली आहे. म्हणजे दुकानाबाहेर बाजार होता, निवड होती, घासाघीसही होती. मग दुकानाची मक्तेदारी कुठे राहिली? जत्रेचा महिना पाहा: पौष. भात झोडून झालेले, हातात थोडी रोकड किंवा विकायला धान्य असलेले. या दिवसांत माणूस टिकाऊ वस्तू घेतो, दहा दुकाने हिंडतो, बैलाचे दात तपासतो, घोंगडीची वीण चाचपतो. मीठ, रॉकेल, तंबाखू, काडी या वस्तू मात्र संपतात, आणि ज्येष्ठ-आषाढातही संपतात, जेव्हा कणगीचा तळ दिसू लागलेला असतो. टिकणाऱ्या वस्तू जत्रेतून रोखीने आणि सरणाऱ्या वस्तू दुकानातून उधारीने, अशी वाटणी बऱ्याच अंशी पडलेली होती. एकदा सरणाऱ्या वस्तूंसाठी खाते उघडले की त्याच खात्यावर लग्नाचे लुगडे आणि पत्र्याची पेटीही चढे, कारण दुसरीकडे पत नव्हती. दुकानदाराने लुगडे ठेवले नसते, तर त्यासाठी गिऱ्हाईक दुसऱ्या सावकाराकडे गेले असते आणि पुढच्या भातावर दोघांचा हक्क पडला असता. हा धोका त्याला परवडणारा नव्हता.

ठाणे जिल्ह्याच्या 1882 च्या गॅझेटियरात भांडवल आणि व्यापार ही दोन प्रकरणे लागोपाठ पण वेगळी आहेत. साहेबी वर्गीकरणाला ते शोभते. खेड्यात ती दोन्ही एकाच गादीवर बसत. शेतसारा रोखीत आणि हप्त्याने भरायचा, म्हणून शेतकरी सुगी होताच, भाव पडलेले असताना, भात वाण्याला घाली. तोच वाणी पावसाळ्यात त्याला खावटी, म्हणजे खाण्यापुरते उसने धान्य, देई आणि सुगीला सवाईने किंवा दिढीने परत घेई. जंगलातला हिरडाही त्याच ओट्यावर येऊन पडे. माप त्याचे, शेर-पायली त्याची, वही त्याची, आणि ती वही वाचता येणारा गिऱ्हाइकांत क्वचितच कोणी.

यावर तिसरा आक्षेप येतो, आणि तो मला टाळता येत नाही. लोकांना या वस्तू हव्याच होत्या की. करंजाच्या तेलाच्या दिव्यापेक्षा कंदिलाचा उजेड स्वच्छ, वाऱ्यात टिकणारा. काडी ओढली की चूल पेटते, निखारा मागायला शेजारी जावे लागत नाही. बायकांचे कष्ट वाचले. रिकामा रॉकेलचा डबा तर पाणी भरायला पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडला. हे सारे खरे. पण या यादीतली प्रत्येक नवी वस्तू आधी कशाच्या जागी आली, हेही पाहिले पाहिजे. दिव्याचे तेल पूर्वी शेतातल्या खुरासणीचे किंवा रानातल्या करंजाचे असे. ते आता महिन्याचे विकत घेणे झाले. 1878 च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांत मुक्तपणे हात घालता येईना. ठाणे-कुलाब्यातली तक्रार इतकी वाढली की 1885 साली सरकारला वन आयोग नेमावा लागला. 1892 च्या कायद्याने मोहाची फुले बाळगण्यावर बंधने आली आणि घरची दारू सुटून सरकारमान्य दुकानाची लागली. मिठाची गोष्ट तर उघडच आहे: भाईंदर-उरणची मिठागरे हाकेच्या अंतरावर, पण 1888 ते 1903 या काळात मणाला अडीच रुपये कर. दुकानाची यादी लांबली ती काही अंशी आवडीने आणि काही अंशी घराच्या हातून निसटलेल्या गोष्टींमुळे. पैसे मिळवण्याचे मार्ग मात्र त्या मानाने वाढले नाहीत.

माल स्वदेशी झाला तरी हे बदलले नाही. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आला. 1923 साली स्थापन झालेल्या विमकोच्या काड्यापेट्या अंबरनाथला होऊ लागल्या (मालकी स्वीडिश, हा भाग वेगळा). फळीवरची नावे बदलली, खाते तेच राहिले.

दुकानदाराला खलनायक ठरवून हा विषय संपवणे सोपे आहे, पण त्याने इतिहास कळत नाही. चार गॅलनचा डबा फोडून पै-पैशाचे रॉकेल देणे, हळदीची चिमूटभर पुडी बांधणे, हे कामच होते आणि ते दुसरे कोणी करत नव्हते. दुष्काळात बुडालेली उधारी त्याचीही बुडे. कल्याणच्या घाऊक व्यापाऱ्याचे देणे त्याच्याही डोक्यावर असे. तरीही वहीतली तूट गिऱ्हाइकावर ढकलण्याची ताकद त्याच्याकडे होती, आणि गिऱ्हाइकाला ती पुढे ढकलायला कोणी नव्हते. 1930 च्या दशकाअखेरीस सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासींविषयी जो अहवाल दिला, त्यात वेठ आणि सावकारी या गोष्टी ठळकपणे आहेत.

ज्यांनी हे दुकान मोडायचा प्रयत्न केला, त्यांना दुखणे कुठे आहे ते बरोबर कळले होते. माथेरानचे भाई कोतवाल, जे 2 जानेवारी 1943 रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर हुतात्मा झाले, त्यांनी शेतकऱ्यांसाठी स्वस्त मालाचे दुकान काढण्यावर भर दिला नाही; त्यांनी धान्याच्या पेढ्या काढल्या. आषाढातले धान्य सुटले की बाकीचे सुटते, हा त्यामागचा हिशेब. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई इलाख्याचा सावकारी कायदा आला, पण परवाने आणि व्याजाच्या मर्यादा घालून दुकानाची जागा भरून निघाली नाही. महाराष्ट्राने 1972 साली आदिवासी विकास महामंडळ स्थापले आणि 1976 च्या कायद्याने आदिवासी भागात शेतमालाची एकाधिकार खरेदी व खावटी कर्ज एकत्र आणले. अनुसूचित क्षेत्रात मोडणारा शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अशाच मुलखातला. वाण्याला बाजूला सारायचे तर सरकारलाही नुसता माल स्वस्त करून भागले नाही. भात घेणारा आणि पावसाळ्यात उधार देणारा, या त्याच्या दोन्ही भूमिका एकाच संस्थेकडे द्याव्या लागल्या.