मेद, सांधे आणि मोळी

बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला 'तब्येत सुधारली हं तुमची' असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचे वजन वाढले आहे एवढेच आपल्याला सांगायचे असते. उलट कोणी बारीक झाला, तर तो 'वाळला', 'खंगला' किंवा 'उतरला' असे म्हटले जाते. ज्या समाजाने दुष्काळ वारंवार पाहिला त्या समाजाच्या भाषेत अंगावरचे मांस हे आरोग्याचे, किंबहुना सुस्थितीचे लक्षण ठरावे, यात नवल नाही. बीड जिल्ह्यात १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली आणि कामावर मिळालेली सुकडी खाऊन दिवस काढलेली पिढी अजून हयात आहे. अशा प्रदेशात भूक कमी करणारे औषध ही कल्पनाच प्रथमदर्शनी विपरीत वाटते. तथापि, मेद कमी करणारे औषध आणि सांध्यांचे दुखणे यांचा संबंध आपल्याकडे अगदी अलीकडे आला, असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. या संबंधाला मोठा इतिहास आहे. त्या इतिहासात रोगी म्हणून कोणाची कल्पना केली गेली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम ताजा संदर्भ. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात सेमाग्लुटाइड या औषधाची एक चाचणी प्रसिद्ध झाली. स्थूलता आणि गुडघ्याची झीज हे दोन्ही विकार असलेल्या ४०७ जणांना ६८ आठवडे दर आठवड्याला एक टोचणी देण्यात आली. काहींना खऱ्या औषधाची, काहींना औषध नसलेल्या द्रवाची. औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १३.७ टक्क्यांनी घटले, इतरांचे ३.२ टक्क्यांनी. शंभरपैकी मोजलेल्या वेदनेचा आकडा पहिल्या गटात ४१.७ ने उतरला आणि दुसऱ्या गटात २७.५ ने. आहार व व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना होता. औषध नसलेल्या गटाचेही दुखणे बरेच उतरले, ही गोष्ट नजरेआड करू नये; पण दोन गटांतील अंतरही दुर्लक्षणीय नाही. हा गुण केवळ वजन घटल्याचा की औषध सांध्यातील दाहही कमी करते, हे या एका चाचणीवरून वेगळे काढता येत नाही.

आता मागे वळू. तेराव्या शतकात आजचा बीड जिल्हा देवगिरीच्या यादवांच्या राज्यात होता. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख अंबाजोगाईत आहेत. पुढे महादेव आणि रामचंद्र या राजांच्या काळात हेमाद्री हा श्रीकरणाधिप झाला. आपण त्याला हेमाडपंत म्हणून ओळखतो. मंदिरांच्या बांधणीशी आणि मोडी लिपीशी लोकपरंपरेने त्याचे नाव जोडले. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांना त्याचा 'चतुर्वर्गचिंतामणि' ठाऊक असतो. परंतु याच हेमाद्रीने वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या सहसा कानावर येत नाही. त्याच्या आश्रयाला असलेला बोपदेव हा व्याकरणकार तर वैद्य केशवाचा मुलगा. आजचा मराठवाडा त्या काळी वैद्यकग्रंथांच्या अध्ययनाचे एक केंद्र होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

'अष्टांगहृदया'च्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय लंघन आणि बृंहण, म्हणजे शरीर हलके करणे आणि भरणे, या दोन उपक्रमांविषयी आहे. अतिस्थूलतेपेक्षा कृशता बरी, असा स्पष्ट कौल वाग्भट तेथे देतो. मेद उतरवण्यासाठी तो जी द्रव्ये सांगतो त्यांत त्रिफळा, गुळवेल, शिलाजित आणि गुग्गुळ आहेत. आहारात कुळीथ, सावा, जव, मूग, मधाचे पाणी आणि 'जूर्ण' आहे. जूर्ण म्हणजे ज्वारी, असा अर्थ सामान्यतः केला जातो. बीडच्या घराघरांत पोट भरण्यासाठी जी भाकरी थापली जाते, तिचेच धान्य ग्रंथात मेद झडवणाऱ्या पथ्यात बसलेले आहे. पण याहून लक्ष वेधून घेणाऱ्या दोन गोष्टी त्याच यादीत आहेत. मेद कमी करण्याचे उपाय म्हणून वाग्भट चिंता आणि जागरण यांचीही नोंद करतो.

ही नोंद लहरीने झालेली नाही. चरकाने स्थूलतेची जी कारणे दिली आहेत, त्यांत अति व स्निग्ध खाणे, व्यायाम नसणे, दिवसा झोपणे यांबरोबरच सदैव आनंदात असणे आणि कसली चिंता नसणे हीही कारणे आहेत. बीजाचा स्वभाव, म्हणजे आजच्या भाषेत आनुवंशिकताही आहे. त्यामुळे चिंता हे औषध होते, ते ज्याला चिंता नाही त्याच्यासाठी. ग्रंथकारासमोरचा रोगी खाऊनपिऊन सुखी, बैठा आणि निश्चिंत आहे. शेतात राबणारा माणूस या अध्यायात रोगी म्हणून येत नाही. त्याच्या आयुष्यातील श्रम, जाग आणि काळजी तेवढी उपचार म्हणून येतात.

मेद आणि सांधे यांचा धागाही चरकात सापडतो. धातूंच्या परंपरेत मेदानंतर अस्थी येते. स्थूल माणसात मेदच वाढत जातो, पुढच्या धातूंचे तसे पोषण होत नाही, असे चरक म्हणतो. म्हणजे मेदाची वाढ हाडांच्या वाट्याचे खाऊन होते. ही उपपत्ती आजच्या शरीरशास्त्राला मान्य होणारी नव्हे. मात्र मेद हा नुसता साठा नसून सबंध शरीराच्या व्यवहारात ढवळाढवळ करतो, ही तिच्यातील कल्पना आज परकी वाटत नाही.

या दोन टोकांना जोडणारे द्रव्य म्हणजे गुग्गुळ. राजस्थान व कच्छच्या कोरड्या भागात वाढणाऱ्या काटेरी झुडपाचा हा डिंक आपण धूप म्हणून ओळखतो. सुश्रुताने सूत्रस्थानात मेदोरोगावर गुग्गुळ सांगितला. चिकित्सास्थानात त्याचे सविस्तर वर्णन मात्र मोठ्या वातव्याधींच्या अध्यायात येते. तेथे नवा गुग्गुळ शरीर भरणारा आणि जुना गुग्गुळ शरीर उतरवणारा, असा भेदही केला आहे. पुढे माधवकराने आमवाताचे स्वतंत्र निदान मांडले आणि सिंहनाद गुग्गुळ, योगराज गुग्गुळ हे कल्प सांधेदुखीवर रूढ झाले. आजही तालुक्याच्या गावातील आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात गुडघे धरून आलेल्या म्हाताऱ्याला योगराज गुग्गुळाची डबी मिळते, आणि पोट सुटलेल्या दुकानदाराला मेदोहर गुग्गुळाची.

विसाव्या शतकात हा डिंक प्रयोगशाळेत गेला. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली सुश्रुताच्या मेदोरोगवर्णनाचा आधार घेऊन सशांवर गुग्गुळाचे प्रयोग केले आणि प्रबंध सादर केला. त्या वाटेने लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत 'गुगुलिपिड' तयार होऊन ऐंशीच्या दशकात बाजारात आले. पण २००३ साली अमेरिकेत झालेल्या एका काटेकोर चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचे घातक कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी काहीसे वाढलेले दिसले. परंपरेतून आलेल्या औषधाला कसोटी लावली की उत्तर आपल्या आवडीचे येतेच असे नाही; ते येऊ देण्यातच शास्त्राचा प्रामाणिकपणा आहे.

पाश्चात्त्य वैद्यकाची या क्षेत्रातील वाटचालही गौरवाची नाही. १९३० च्या दशकातील डायनायट्रोफिनॉलने माणसे दगावली. फेनफ्लुरामिन १९९७ मध्ये हृदयाच्या झडपा बिघडवते म्हणून आणि सिबुट्रामिन २०१० मध्ये हृदयविकाराच्या भीतीने मागे घ्यावे लागले. या पार्श्वभूमीवर सेमाग्लुटाइडच्या वर्गातील औषधे वेगळी ठरली. जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या एका संप्रेरकाची ती नक्कल करतात. जठर सावकाश रिकामे होते आणि मेंदूला तृप्तीचा निरोप मिळतो. औषध थांबवले की उतरलेल्या वजनातील बराच भाग परत येतो आणि मेदाबरोबर स्नायूही घटतात, या त्यांच्या मर्यादा आहेत. भारतात २०२५ मध्ये मार्चला टिर्झेपाटाइड आणि जूनला सेमाग्लुटाइडची वजनासाठीची टोचणी बाजारात आली.

गुडघ्यांच्या झिजेचे कोडे उलगडण्यात अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावच्या दीर्घ अभ्यासाचा मोठा वाटा आहे. १९९२ साली त्यातून असे दिसले, की ज्या स्त्रियांचे वजन सुमारे पाच किलोंनी घटले त्यांना गुडघेदुखीचा हा विकार होण्याची शक्यता निम्म्याहून कमी झाली. त्याआधी एकच वर्ष, १९९१ साली, याच अभ्यासातून दुसरा निष्कर्ष निघाला होता: ज्या पुरुषांना कामात वारंवार गुडघे वाकवावे लागत आणि जड श्रम करावे लागत, त्यांचे गुडघे अधिक झिजत. एक भार शरीराचा स्वतःचा आणि दुसरा कामाने लादलेला. पहिल्यावर औषध शोधण्यात जगाने अपार धन ओतले. दुसऱ्यावर औषध असू शकत नाही. त्यावर उपाय कामाच्या अटी बदलण्याचाच.

येथे आपण पुन्हा बीडला येतो. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते. उसाच्या बुडख्यात साखर अधिक, म्हणून तो जमिनीलगत तोडावा लागतो, आणि त्यासाठी कमरेतून वाकावे लागते. मग मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचे. जिथे हे सारे डोक्यावरच चालते त्याला 'डोकी सेंटर' असे नाव आहे. ट्रक रात्री आला तर भरणी रात्री. आजारपणाने दिवस बुडाला तर 'खाडा' मांडला जातो आणि त्याचे पैसे कापले जातात.

वाग्भटाच्या यादीतले श्रम, जागरण, चिंता, कुळीथ आणि ज्वारी या बाईच्या आयुष्यात वैद्याने न सांगता आलेले आहेत. तिच्या अंगावर मेद नाही. आणि तरीही चाळिशीच्या आत तिचे गुडघे आणि कंबर बोलू लागतात. त्यात आणखी एक भर आहे. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आल्यावर २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. या शस्त्रक्रियेत अंडाशयेही काढली गेली तर हाडांना जपणारे संप्रेरक अकाली आटते. सांध्यांच्या दुखण्याची ही वाट कोणत्याही मेदोहर औषधाच्या रस्त्याने जात नाही. २०२४ च्या त्या चाचणीत प्रवेशच स्थूल व्यक्तींना होता. ही बाई त्या दारातून आत जाऊ शकली नसती.

याचा अर्थ नवे औषध श्रीमंतांचे चोचले आहे, असा नव्हे. बीड, परळी, अंबाजोगाईत बैठी नोकरी करणारी, मधुमेह जडलेली, जिना चढताना कठड्याला धरणारी माणसे पुष्कळ आहेत. त्यांची वेदना खोटी नाही आणि तिला उतार पडत असेल तर ते स्वागतार्हच आहे. आक्षेप औषधावर नाही, त्याभोवती तयार होणाऱ्या भाषेवर आहे. 'गुडघे दुखतात? वजन कमी करा' हे वाक्य आज दवाखान्यापासून वर्तमानपत्राच्या पुरवणीपर्यंत सर्वत्र ऐकू येते. एका रोग्यासाठी रास्त असलेले हे वाक्य दुसऱ्याला सांगितले, की त्याचे दुखणे त्याच्याच खाण्याचा दोष ठरते आणि डोक्यावरची मोळी नजरेआड होते.

ग्रंथांचे वाचन करताना निवेदक कोण, श्रोता कोण, हे विचारण्याची सवय साहित्याच्या अभ्यासकाला असते. वैद्यकाचे ग्रंथही त्याच प्रश्नासह वाचले पाहिजेत. चरकापासून २०२४ च्या चाचणीपर्यंत उपायांची भाषा बदलली, पुराव्याची कसोटी कितीतरी कठोर झाली. मात्र मेदाच्या या प्रकरणांतला रोगी पुष्कळसा तोच राहिला. बीडच्या बाईला 'वजन उतरवा' असे सांगायचे झालेच, तर ते कोणते वजन, हे सांगणाऱ्याने आधी स्पष्ट करावे.