फाइलनामांतर, स्क्रिप्टद्वारे

अनेक फायलींची नावे एका ठरावीक नियमाने टर्मिनलवरून एकदम बदलण्याची रीत. कॅमेऱ्यातून उतरवलेले फोटो, स्कॅन केलेली पाने यांसाठी ती विशेष उपयोगी पडते.

युनिक्स व लिनक्स प्रणालींत फाइलचे नाव डिरेक्टरीत नोंदलेले असते. ही नोंद नावाची सांगड आयनोडच्या क्रमांकाशी घालते. आकार, परवानग्या आणि मजकुराचा डिस्कवरील ठावठिकाणा आयनोडमध्ये असतो. नामांतरात फक्त डिरेक्टरीतील नोंद बदलते, म्हणून कित्येक जीबींच्या व्हिडिओचेही नाव क्षणात बदलते. फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवायची असल्यास मात्र नक्कल करून मूळ प्रत पुसावी लागते.

नाव बदलणारी ‘एमव्ही’ ही आज्ञा युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या हस्तपुस्तिकेत आढळते. सुरुवातीला नवे नाव जोडून मग जुने काढले जाई; ४.२ बीएसडीमधील (१९८३) ‘रिनेम’ सिस्टिम कॉलने ही दोन कामे एक अखंड क्रिया केली.

डॉसमधील ‘रेन’ आज्ञा वाइल्डकार्ड (अनेक नावांशी जुळणारे ‘*’सारखे चिन्ह) स्वतः हाताळते. युनिक्समध्ये शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा प्रोग्राम, वाइल्डकार्डचा आधीच उलगडा करते आणि एमव्हीच्या हाती केवळ नावांची यादी पडते. त्यामुळे लूप लिहावा लागतो. लूप ‘.जेपीईजी’ने संपणारे एकेक नाव व्हेरिएबलमध्ये घेतो; व्हेरिएबलपुढे टक्क्याचे चिन्ह व ‘.जेपीईजी’ लिहिले की तेवढा शेवटचा भाग गळतो, आणि त्याजागी ‘.जेपीजी’ जोडता येते. व्हेरिएबल दुहेरी अवतरणात नसेल, तर ‘सहल फोटो’सारख्या नावाचे मोकळ्या जागेपाशी दोन तुकडे होतात.

लॅरी वॉल यांची पर्लमधील ‘रिनेम’ स्क्रिप्ट रेग्युलर एक्स्प्रेशनने नावे बदलते. यूटिल-लिनक्समधील याच नावाची आज्ञा साधी अक्षरबदली करते, म्हणून एकीची सूत्रे दुसरीला चालत नाहीत.

दोन फायलींना एकच नाव मिळाल्यास एमव्ही सहसा न विचारता आधीची फाइल पुसते, आणि ती ट्रॅशमध्येही सापडत नाही. ‘-आय’ पर्यायाने आज्ञा आधी विचारते, ‘-एन’ने असे नामांतर टाळते. एमव्हीच्या आधी ‘एको’ लिहून होणारे बदल नुसते छापून पाहण्याचा प्रघात आहे. क्रमांक ००१, ००२ असे दिल्यास यादीत २ च्या आधी १० येत नाही.

देवनागरी नावांना लांबीची मर्यादा लवकर जाणवते. ईएक्सटी४ मध्ये नाव २५५ बाइटांपर्यंत असू शकते. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह ३ बाइट घेते आणि मात्रा, वेलांटी, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘श्री’ हे एकच अक्षर १२ बाइटांचे होते. मर्यादा ओलांडणारे नामांतर प्रणाली नाकारते.