बुंदेलखंड : तलवारीची आणि तलावांची भूमी

झाशीचे नाव आपल्या घरांतील लहान मुलींनाही ठाऊक असते. परंतु झाशी ज्या बुंदेलखंडात वसली आहे, त्या भूमीचा परिचय आपणां भगिनींना क्वचितच असतो. यमुना, नर्मदा, चंबळ व टोंस या चार नद्या तिच्या सीमा म्हणून परंपरेने सांगितल्या जातात. आज हा प्रदेश उत्तर प्रदेश व मध्य प्रदेश या दोन राज्यांत विभागलेला आहे.

येथील बराचसा भाग कठीण ग्रॅनाइट खडकाचा. त्यात पाणी फारसे मुरत नाही. पावसाळ्यात जे पडते ते बेतवा, धसान, केन या नद्यांतून उत्तरेस यमुनेकडे वाहून जाते आणि उन्हाळ्यात विहिरी आटतात. ही अडचण चंदेल राजांनी ओळखली. त्यांची खजुराहोची मंदिरे जगप्रसिद्ध आहेत; पण महोबा येथील कीरतसागर व मदनसागर हे तलावही त्यांचेच. उतारावर बांध घालून वाहते पाणी अडवावयाचे, ही त्यांची साधी युक्ती शेकडो वर्षे लोकांना जगवीत आली.

पुढे बुंदेल्यांचे राज्य आले व प्रदेशास त्यांचे नाव मिळाले. महंमदखान बंगशाने वृद्ध छत्रसालास जेरीस आणले, तेव्हा इ. स. १७२९ मध्ये पहिला बाजीराव पेशवा त्याच्या साह्यास धावला. कृतज्ञ छत्रसालाने राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा पेशव्यांस दिला. अशा रीतीने सागर, जालौन, झाशी येथे मराठी अंमल आला, मराठी कुटुंबेही गेली. इ. स. १८५८ मध्ये झाशीच्या वेढ्यात स्त्रिया तोफांवर राबत व दारूगोळा वाहत होत्या, हे शत्रूनेच नमूद करून ठेवले आहे. राणी लक्ष्मीबाई एकटी लढली नाही.

त्या भूमीतील स्त्रीची लढाई अद्याप संपलेली नाही. अनेक तलाव गाळाने भरले. डोक्यावर हंडा घेऊन दूरवर जाणे मात्र तिच्याच वाट्यास आले. आता 'जलसहेली' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावोगावच्या स्त्रिया एकत्र येऊन तळ्यांतील गाळ उपसतात, बंधारे घालतात. राणीच्या तलवारीची कथा आपण मुलींना अभिमानाने सांगतो. तिच्याबरोबर या फावड्याचीही कथा सांगू या. कारण राज्ये गेली, तरी पाणी राखणाऱ्या हातांनीच ती भूमी नांदती ठेवली आहे.