खेकड्याला दुखतं का? सजीवांमध्ये 'जाणीव' नेमकी कुठून सुरू होते?

उकळत्या पाण्यात जिवंत खेकडा टाकला की तो पाय झाडतो. त्याला दुखतं म्हणून, की ती शरीराची आपोआप होणारी हालचाल असते?

प्रश्न स्वयंपाकघरातला वाटतो, पण २०२१ मध्ये तो ब्रिटनच्या संसदेपर्यंत पोहोचला होता. प्राण्यांच्या जाणिवेची दखल घेणाऱ्या नव्या विधेयकाच्या मूळ मसुद्यात फक्त पाठीचा कणा असलेले प्राणी होते. मग खेकडे, शेवंड, कोळंबी आणि ऑक्टोपस यांचं काय?

याचं उत्तर शोधायचं काम सरकारने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले तत्त्वज्ञ जोनाथन बर्च यांच्या पथकाकडे दिलं. पथकाने ३०० हून अधिक शोधनिबंध तपासले. या प्राण्यांना जाणीव असल्याचा भक्कम पुरावा आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. २०२२ मध्ये कायदा झाला, तेव्हा त्यात या प्राण्यांचाही समावेश होता.

पण जी गोष्ट बाहेरून दिसतच नाही, तिचा पुरावा मिळतो तरी कसा?

जाणीव म्हणजे काय?

जाणीव म्हणजे हुशारी नव्हे. कॅल्क्युलेटर आपल्यापेक्षा वेगाने आकडेमोड करतो, पण त्याला काही वाटत नाही. दुखणं, भूक, भीती, उबदार वाटणं असं काहीतरी 'आतून' अनुभवता येणं, ही जाणिवेची सगळ्यात साधी पातळी. 'मी कोण' हा विचार त्याच्या खूप पुढचा.

अमेरिकी तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी १९७४ मध्ये ही अडचण वटवाघळाचं उदाहरण घेऊन मांडली. वटवाघूळ आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढतं. त्याच्या मेंदूचा कितीही अभ्यास केला, तरी वटवाघूळ असणं कसं वाटतं, हे आपल्याला त्यातून कळत नाही.

नुसत्या प्रतिसादावरूनही काही सिद्ध होत नाही. हात लावला की लाजाळूची पानं मिटतात, पण तिला मेंदू नाही, चेतापेशीही नाहीत. तापलेल्या तव्याला बोट लागलं की आपला हात आधी मागे येतो आणि चटका नंतर जाणवतो. हात मागे घेण्याचा आदेश मज्जारज्जूतूनच निघतो, त्यासाठी मेंदूची वाट पाहावी लागत नाही. म्हणजे इजा टिपणं आणि वेदना होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यामुळे खेकडा पाय झाडतो, एवढ्यावरून निकाल लागत नाही.

मग शास्त्रज्ञ काय तपासतात?

प्रतिक्षिप्त क्रिया ठरावीक असते. वेदना जाणवत असेल, तर प्राणी तिची इतर गरजांशी तुलना करेल, हा या प्रयोगांमागचा तर्क आहे.

बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतले रॉबर्ट एलवूड यांनी हर्मिट क्रॅबवर असे प्रयोग केले. हा खेकडा गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत राहतो आणि कोणता शंख चांगला, याची त्याची आवड ठरलेली असते. एलवूड यांनी शंखात हलके विजेचे झटके दिले. नावडत्या शंखातले खेकडे पटकन बाहेर पडले, तर आवडत्या शंखातल्यांनी तो सहजासहजी सोडला नाही. पाण्यात शिकारी प्राण्याचा वास असेल, तेव्हाही बाहेर पडण्याचं प्रमाण कमी झालं. झटका तोच, पण वागणं परिस्थितीनुसार बदललं.

ऑक्टोपसवरचा पुरावा आणखी ठळक आहे. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या रॉबिन क्रूक यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सौम्य ॲसिड टोचल्यानंतर ऑक्टोपसला ज्या कप्प्यात ठेवलं होतं, तो कप्पा त्याने पुढे टाळला, आधी आवडता असूनही. ॲसिड टोचलेली जागा तो चोचीने कुरतडत राहिला. बधिर करणारं औषध दिल्यावर ते थांबलं आणि आराम मिळाला होता तो कप्पा त्याला आवडू लागला.

यातला कोणताही प्रयोग एकट्याने जाणीव सिद्ध करत नाही. म्हणूनच बर्च यांच्या पथकाने आठ निकष ठरवले आणि पुरावे एकत्र तपासले.

सुरुवात कधी झाली असावी?

सी. एलेगन्स या सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत जेमतेम ३०२ चेतापेशी असतात, ऑक्टोपसमध्ये सुमारे ५० कोटी. पण किती पेशींनंतर 'दिवा लागतो', असा कुठलाच आकडा नाही.

इस्रायली शास्त्रज्ञ सिमोना गिन्सबर्ग आणि ईवा याब्लोंका शिकण्याच्या क्षमतेकडे बोट दाखवतात. नवी, गुंतागुंतीची चिन्हं लक्षात ठेवणं, त्यांचा चांगल्या-वाईट अनुभवाशी संबंध जोडणं आणि नंतर तो बदलणं ज्याला जमतं, त्याच्यात किमान जाणीव असावी, असं त्या म्हणतात. त्यांच्या मते ही क्षमता सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कँब्रियन काळात आली. डोळे, शिकार आणि पाठलाग यांची चढाओढ वाढली, तो हाच काळ.

सगळ्यांना हे मान्य नाही. जाणिवेसाठी सस्तन प्राण्यांसारखा विकसित मेंदू लागतो, असं मानणारे शास्त्रज्ञही आहेत. त्यांच्या हिशेबाने सुरुवात बरीच नंतरची ठरते.

चूक झाली तर?

हा वाद फक्त पुस्तकी नाही. १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बाळांवर अगदी कमी भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. त्यांची चेतासंस्था अपुरी असल्याने त्यांना वेदना जाणवत नाहीत, असा समज होता. शिवाय भुलीचा धोकाही वाटत असे. भारतीय वंशाचे डॉक्टर कंवलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की, पुरेशी वेदनाशामकं दिलेल्या बाळांच्या शरीरावर कमी ताण येतो आणि गुंतागुंतही कमी होते. त्यानंतर ही पद्धत बदलत गेली.

बाळ बोलून सांगू शकत नव्हतं. खेकडाही सांगू शकत नाही.

म्हणूनच बर्च यांच्यासारखे अभ्यासक सांगतात, की पूर्ण खात्रीची वाट पाहू नका, शक्यता खरी असेल तर परवडणारी काळजी घ्या. २०२४ च्या न्यूयॉर्क जाहीरनाम्यातही हाच सूर आहे. सस्तन प्राणी आणि पक्ष्यांच्या जाणिवेला भक्कम वैज्ञानिक आधार आहे. मासे, खेकडे, ऑक्टोपस आणि कीटकांमध्येही ती असण्याची वास्तव शक्यता आहे, असं त्यात म्हटलं आहे.

स्वित्झर्लंडने २०१८ पासून शेवंड बेशुद्ध न करता उकळण्यावर बंदी घातली. ब्रिटनच्या कायद्याने अशी थेट बंदी आलेली नाही, मात्र सरकारी धोरण ठरवताना या प्राण्यांचा विचार झाला का, हे तपासणारी समिती नेमली गेली.

भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तर माणूस सोडून कोणताही जिवंत जीव 'प्राणी' ठरतो. अन्नासाठी मारण्याला त्यात सूट आहे, पण अनावश्यक वेदना देण्याला नाही. त्यातला 'वेदना' हा शब्द खेकड्याला लागू होतो का, याचं उत्तर आता 'बहुधा हो' या बाजूला झुकतंय.