न पुसता येणारी वही

दस्तऐवज खरा की खोटा, हा प्रश्न मनुष्याच्या व्यवहाराइतकाच जुना आहे. आपल्या देवस्थानांच्या कीर्द-खतावणीकडे पाहिले तरी पूर्वजांनी त्याचे उत्तर कसे शोधले ते ध्यानात येते. मागल्या पानाची शिल्लक पुढल्या पानावर ओढावयाची आणि वही सभेपुढे उघडी ठेवावयाची. मधल्याच पानावरील आकडा कोणी फिरविला, तर पुढील साऱ्या पानांचा मेळ बिघडतो आणि लबाडी उघडकीस येते. आज ज्यास ‘ब्लॉकचेन’ म्हणतात, तिचे मर्म याहून फारसे निराळे नाही.

१९९१ साली अमेरिकेतील स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा या संशोधकांनी ही युक्ती संगणकीय दस्तऐवजास लावून दाखविली. दस्तऐवजावर गणिती क्रिया करून एक लहानसा अंकसमूह काढावयाचा. त्यास ‘हॅश’ म्हणतात, आपण मुद्रा म्हणू. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी मुद्रा पालटते. मुद्रेवरून मात्र मजकूर उलगडता येत नाही. प्रत्येक मुद्रेत मागची मुद्रा गुंफली की साखळी तयार होते. १९९५ पासून अशी मुद्रा ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये दर आठवड्यास छापली जाऊ लागली, ती खोडावयाची, तर घरोघरी गेलेले अंक परत गोळा करावे लागले असते! याच विचाराचा आधार घेऊन सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या लेखकाने २००८ मध्ये बिटकॉइनची योजना मांडली, आणि जानेवारी २००९ मध्ये कोणत्याही सरकारावाचून चालणारे चलन अवतरले.

परंतु सरकारानेच ही साखळी स्वतःच्या दप्तरास घालून घेतल्याचे उदाहरण बाल्टिक किनाऱ्यावरील एस्टोनियात सापडते. १९९१ साली सोव्हिएत सत्तेतून पुन्हा स्वतंत्र झालेल्या या चिमुकल्या राष्ट्राने आपला बहुतेक कारभार संगणकावर नेला. एप्रिल २००७ मध्ये राजधानी टाल्लिन येथील सोव्हिएत सैनिकाचा पुतळा हलविण्यावरून दंगल उसळली, आणि पाठोपाठ सरकारी कचेऱ्या, बँका व वृत्तपत्रे यांच्या संगणकांवर आठवडेच्या आठवडे हल्ले होत राहिले. ते मुख्यतः दारे अडविणारे हल्ले होते. पण उद्या कोणी आत शिरून वारसाची नोंदच गुपचूप फिरविली तर? २००८ पासून तेथे मुद्रांच्या साखळीची परीक्षा सुरू झाली, व २०१२ साली वारसा-नोंदवहीस ती लागू झाली. पुढे आरोग्यविषयक दप्तरेही तिच्या रक्षणाखाली आली.

येथे विधिज्ञाने लक्ष द्यावे अशी गोष्ट ही, की नागरिकाची माहिती त्या साखळीत ठेवलेलीच नाही. माहिती आपल्या जागी राहते. साखळीत जाते ती केवळ मुद्रा. युरोपीय संघाचा २०१८ पासून अमलात असलेला माहिती-संरक्षण कायदा, ठराविक परिस्थितीत, स्वतःची माहिती पुसून घेण्याचा हक्क व्यक्तीस देतो. जी वही पुसताच येत नाही तिच्यात माणसाचा आजार लिहून ठेवला, तर तो हक्क बजावावयाचा कसा?

तथापि साखळी अभंग राहिली म्हणून सर्व काही सुरक्षित राहिले असे नव्हे. २०१७ मध्ये चेक संशोधकांस एस्टोनियाच्या ओळखपत्रांतील चिपमध्ये दोष आढळला. सुमारे साडेसात लाख पत्रे त्या दोषाच्या कक्षेत आली. देशाची लोकसंख्याच सुमारे तेरा लाख! नोव्हेंबरमध्ये सरकारने त्यांची प्रमाणपत्रे स्थगित केली आणि लोकांस ती नवी करून घ्यावी लागली. वही शाबूत होती, किल्ली कच्ची होती. त्याच वर्षी ‘एस्टकॉइन’ नावाचे नाणे काढण्याची सूचना तेथे पुढे आली, तेव्हा युरो हेच आमचे चलन, असे युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी स्पष्ट केले. वहीस मान्यता मिळाली, नाण्यास मिळाली नाही.

आपल्या देशातही २०२३ च्या माहिती-संरक्षण अधिनियमात माहिती पुसून घेण्याचा हक्क लिहिला गेला आहे. तेव्हा महाजनांच्या व देणगीदारांच्या याद्या संगणकावर नेणाऱ्या आपल्या संस्थांनीही दोन प्रश्न आधी विचारावेत: वहीत काय लिहावयाचे, आणि किल्ली कोणापाशी राहावयाची? गणित खाडाखोड उघडी पाडील. या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र सभेनेच द्यावयाची आहेत.