अंधकाचे रक्त: 'बॉस फाइट', लेणी आणि हरवलेला शिलालेख

१/ जुहूच्या किनाऱ्यापासून सरळ रेषेत पाच-सहा किलोमीटरांवर, जोगेश्वरीच्या दाट वस्तीच्या पोटात, सहाव्या शतकातील एक विशाल शैव लेणे आहे. जुहू-अंधेरीच्या इमारतींत आज जी तरुण पिढी 'डार्क सोल्स' किंवा 'एल्डन रिंग'मधील एकेका बॉसशी रात्र-रात्र झुंजते, तिच्यापैकी फार थोड्यांनी हे लेणे पाहिलेले असते. त्या झुंजीमागची कल्पना मात्र या लेण्यांच्या काळात पूर्ण विकसित झालेली होती. हा धागा तिच्याविषयी.

२/ उत्तम बॉस फाइट केवळ बळाची परीक्षा नसते. प्रत्येक बलाढ्य प्रतिस्पर्ध्यामागे एक नियम दडलेला असतो आणि तो उमगेपर्यंत खेळाडू मरत राहतो. २०२२ साली आलेल्या 'एल्डन रिंग'मधील मलेनिया हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तिचा वार खेळाडूला लागला, अगदी ढालीवर अडवला गेला, तरी तिचे गमावलेले बळ पुन्हा भरून येते. त्यामुळे इतरत्र उपयोगी पडणारी ढाल येथे शत्रूच्याच कामी येते. आधी शिकलेले विसरल्याखेरीज विजय नाही.

३/ आता अंधकासुराकडे वळू. पुराणांतील एका परंपरेनुसार पार्वतीने लीलेने शिवाचे डोळे झाकले, तेव्हा पसरलेल्या अंधारातून हा आंधळा पुत्र जन्मला. तो हिरण्याक्षाकडे वाढला, वरदानाने बलाढ्य झाला आणि अखेर पार्वतीचीच अभिलाषा धरून कैलासावर चालून आला. शिवाने त्रिशूळ चालवला. पण अंधकाच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की त्यातून नवा अंधक उभा राही. जितके वार अधिक, तितके शत्रू अधिक.

४/ म्हणजे येथेही ओळखीचे शस्त्र उलटते. तोड निघते ती वेगळ्याच दिशेने: रक्त भूमीला लागूच द्यायचे नाही. वराहपुराणातील कथेत शिवाच्या मुखातून निघालेल्या ज्वालेतून एक शक्ती प्रकटते, इतर मातृका तिच्या साहाय्याला येतात आणि सांडणारे रक्त त्या प्राशन करतात. त्या शक्तीचे नाव योगेश्वरी. 'देवीमाहात्म्या'तील रक्तबीजाच्या कथेतही हीच युक्ती आहे. तेथे रक्त पिण्याचे काम चामुंडेकडे येते.

५/ योगेश्वरी म्हणजेच लोकभाषेतील जोगेश्वरी. ज्या उपनगराला हे नाव आहे, तेथील लेण्यात देवीची आजही पूजा होते. येथे मात्र घाई करू नये. लेण्याचा मध्यवर्ती गाभारा शिवलिंगाचा आहे आणि त्याच्या शिल्पांत लकुलीश, नटराज अशी शैव रूपे आहेत. 'नाव जुळते, म्हणून लेणे अंधकवधाच्या स्मरणार्थ खोदले' असे म्हणणे आकर्षक असले तरी तो पुरावा नव्हे. नाव आणि वास्तू यांचे वय एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

६/ अंधकवधाचे भव्य शिल्प पाहायचे तर घारापुरीला जावे लागते. मुख्य लेण्याच्या पश्चिम भागात अनेक हातांचा उग्र शिव उभा आहे. मागे गजचर्म ताणलेले, ओठांतून सुळे बाहेर आलेले, आणि एका हातात रक्त झेलण्यासाठी पात्र. शिल्पकाराने क्रोधाबरोबर युक्तीही कोरली आहे. ज्याला कथा ठाऊक नाही, त्याला ते पात्र निरर्थक वाटेल. ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठी संपूर्ण युद्धाचा नियम त्या एका वस्तूत आहे.

७/ याच पश्चिम भागात शिव-पार्वती विवाहाचेही शिल्प आहे. एकीकडे पार्वतीचे पाणिग्रहण, दुसरीकडे तिच्यावर हात टाकू पाहणाऱ्याचा वध. लेण्यात कोठेही कथा सांगणारी ओळ कोरलेली दिसत नाही. अर्थ लागतो तो चालण्यातून: एका शिल्पाकडून दुसऱ्याकडे जाताना, प्रकाशाकडून अंधाराकडे वळताना. गेमच्या परिभाषेत, येथे 'लोर', म्हणजे त्या विश्वाची पूर्वकथा, वास्तूच सांगते.

८/ वेरूळचे लेणे क्रमांक १४ म्हणजे 'रावण की खाई'. येथे महिषासुरमर्दिनी आहे. 'देवीमाहात्म्या'त महिषासुर एका रूपात मरत नाही. रेड्याचा सिंह होतो, सिंहाचा खड्गधारी पुरुष, पुरुषाचा हत्ती आणि हत्तीचा पुन्हा रेडा. अखेर रेड्याच्या देहातून अर्धवट बाहेर पडत असताना देवी त्याला गाठते. आजचा खेळाडू याला 'फेज' म्हणेल. प्रत्येक रूपाची चाल निराळी आणि संधीचा क्षण नेमका रूपांतराच्या मध्ये.

९/ त्याच लेण्यात अंधकवध आहे, कैलास हलवणारा रावण आहे आणि सारिपाट खेळणारे शिव-पार्वतीही आहेत. संहार आणि खेळ एकाच छताखाली कोरताना त्या शिल्पकारांना काही विसंगत वाटले नाही. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मानणाऱ्यांनी हे शिल्प अवश्य पाहावे.

१०/ अजिंठ्याच्या लेणे क्रमांक २६ मध्ये याच्या अगदी उलट झुंज आहे. मार आपली सेना आणि आपल्या कन्या घेऊन सिद्धार्थावर चाल करून येतो. भय आणि मोह दोन्ही वापरून पाहतो. मध्यभागी बसलेला सिद्धार्थ शस्त्र उचलत नाही; उजव्या हाताने केवळ भूमीला स्पर्श करून तिला साक्षीला बोलावतो. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील त्या शिल्पात सारी हालचाल हरणाऱ्याच्या बाजूला आहे. या बॉसचा नियम एकच: प्रतिकार केला की हार.

११/ 'डार्क सोल्स' (२०११) आणि 'एल्डन रिंग' यांचा दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. लहानपणी इंग्रजी अद्भुतकथा तो पूर्ण समजत नसतानाही वाचत असे आणि न कळलेल्या जागा कल्पनेने भरत असे, असे त्याने मुलाखतीत सांगितले आहे. त्याच्या गेममध्येही कथा सलग सांगितली जात नाही. तलवारीच्या वर्णनातील दोन ओळी, भग्न पुतळा, थडग्यापाशी राखण करणारा लांडगा अशा तुकड्यांतून ती जुळवावी लागते. बॉस हरल्यावरही तो कोण होता, या विचारात खेळाडू रमतो ते त्यामुळेच.

१२/ भग्न अवशेषांतून कथा जुळवणे हे इतिहासकाराचेही काम. पण दोहोंत एक मूलभूत भेद आहे आणि इतिहासाची आवड असणाऱ्या प्रत्येकाने तो मनात कोरून ठेवावा. मियाझाकीच्या कथेतील रिकाम्या जागा लेखकाने जाणूनबुजून ठेवलेल्या असतात. घारापुरीतील रिकाम्या जागा कोणी ठेवलेल्या नाहीत. त्या झालेल्या आहेत.

१३/ त्यांतील सर्वांत मोठी जागा एका शिळेची. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो द कोतो याने लिहून ठेवले आहे की घारापुरीच्या लेण्याच्या द्वारावर एक कोरीव लेख होता. पोर्तुगिजांनी तो काढला. येथील हिंदू-मुसलमान जाणकारांपैकी कोणालाच तो वाचता आला नाही, म्हणून तो पोर्तुगालच्या राजाकडे पाठवण्यात आला. त्यानंतर ती शिळा हरवली. लेणे कोणी खोदवले, केव्हा आणि कशासाठी, हे बहुधा त्या एका दगडावर लिहिलेले होते.

१४/ मग अभ्यासकांनी काय केले? बेटावर सापडलेली कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी पाहिली. शिल्पशैलीची तुलना जोगेश्वरी आणि वेरूळशी केली. लकुलीशाच्या प्रतिमांवरून पाशुपत पंथाचा संबंध तपासला. त्यातून सहाव्या शतकाचा मध्य आणि कलचुरी आश्रय हे मत पुढे आले. कोकणच्या मौर्यांचे नावही चर्चेत राहिले. यांतील कोणतेही उत्तर शिलालेखाइतके ठाम नाही आणि चांगला अभ्यासक तसा आव आणत नाही.

१५/ गेमविषयीचा एखादा तर्क चुकला तर फार तर एक रंजक चर्चा वाया जाते. इतिहासातील तर्क पुराव्याच्या वेषात फिरू लागला, तर त्यावर अस्मिता उभ्या राहतात आणि भांडणेही. 'कदाचित' हा शब्द गाळून पुढे पाठवलेला मजकूर त्या हरवलेल्या शिळेची जागा खोट्या शिळेने भरतो. लोर जुळवताना लागलेली चिकाटी इतिहासात अवश्य आणावी. पण रिकामी जागा रिकामी दाखवण्याचे धैर्यही सोबत आणावे.

१६/ आता पराभूतांविषयी. पुराणकथेत त्रिशुळावर टांगलेला अंधक अखेर शुद्ध होतो, शिवाची स्तुती करतो आणि शिवगणांत स्थान मिळवतो. महाराष्ट्राच्या लोकदैवतांत हा धागा अधिक ठळक आहे. मार्तंडभैरव आणि मणि-मल्ल यांच्या युद्धाचे स्मरण मार्गशीर्षातील षड्रात्रात होते आणि चंपाषष्ठीला त्याची सांगता होते. शरण आलेल्या मणीची मूर्ती जेजुरीत पूजली जाते. मल्लाचे नाव तर 'मल्हारी' या देवनामातच, शत्रू म्हणून, कायमचे राहिले.

१७/ पुणे जिल्ह्यातील वीर येथे माघात श्रीनाथ म्हस्कोबा आणि जोगेश्वरी यांचा विवाहसोहळा होतो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिॲलिटी' (१९६२) या ग्रंथात म्हसोबा आणि महिषासुर यांचा संबंध मांडला. पुराणात देवी ज्याला मारते, त्याच्याशी लोकपरंपरेत तिचा विवाह लागतो, हे त्यांनी निदर्शनास आणले. पशुपालकांचे जुने दैवत आणि नंतर आलेल्या वसाहतींची देवी यांच्या संघर्षाचा व समेटाचा माग त्यांना त्यात दिसला. हेही एक अर्थनिर्णयनच. पण ग्रंथाबरोबर गावोगावच्या शेंदरी दगडांपाशी प्रत्यक्ष चालत जाऊन केलेले.

१८/ २०२४ साली गाजलेला चिनी गेम 'ब्लॅक मिथ: वुकाँग' सोळाव्या शतकातील 'पश्चिमेची यात्रा' या कादंबरीवर आधारलेला आहे. त्या कादंबरीतील यात्रेकरूमागचा खरा माणूस म्हणजे ह्युएन त्संग. सातव्या शतकात तो महाराष्ट्रात आला होता. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यातील योद्धे आणि मद्य पाजून रणात सोडलेले हत्ती यांचे वर्णन त्याने केले. डोंगरदरीतील ज्या विहाराचे त्याने वर्णन केले, तो अजिंठा असावा असे अभ्यासक मानतात. त्याच्या नोंदी पारखून इतिहास लिहिला गेला आणि त्याच्याच यात्रेच्या आठवणीतून राक्षसांनी भरलेली कादंबरीही निर्माण झाली.

१९/ मराठी मुलखातही असा प्रयत्न झाला आहे. पुण्याच्या 'नोडिंग हेड्स गेम्स'ने २०२० साली 'राजी: ॲन एन्शंट एपिक' प्रसिद्ध केला. त्यापूर्वी, २०१७ मधील त्यांची किकस्टार्टरवरील निधीमोहीम अपयशी ठरली होती. भावाच्या शोधात निघालेली राजी, तिला त्रिशूळ देणारी दुर्गा आणि समोर महाबलासुर, अशी ही कथा. वाटेत भित्तिचित्रांपुढे थांबले की देवतांच्या पूर्वकथा ऐकू येतात. कळसूत्री छायाबाहुल्यांसारख्या दृश्यांतून कथा पुढे सरकते. लेण्यात चालत चालत कथा वाचण्याची रीत येथे पडद्यावर अवतरली आहे.

२०/ घारापुरीचे मुख्य लेणे १९८७ पासून जागतिक वारसा आहे. जोगेश्वरीचे लेणे संरक्षित स्मारक असले तरी त्याला चहूबाजूंनी वस्तीने वेढले आहे आणि त्याची शिल्पे ओल व झीज यांनी इतकी पुसट झाली आहेत की अनेक आकृती केवळ बाह्यरेषेवरून ओळखाव्या लागतात. पडद्यावरचा बॉस हरला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते. झिजलेल्या दगडाला तशी सोय नाही.

२१/ घारापुरीच्या अंधकवध शिल्पाचा खालचा भाग आज तुटलेला आहे. शिव आहे, ताणलेले गजचर्म आहे, रक्त झेलणारे पात्र आहे; ज्याच्यासाठी हा सारा आवेश, तो अंधक मात्र जवळजवळ नाहीसा झाला आहे. तेथे गेल्यावर त्या रिकाम्या जागेसमोर थोडे थांबावे. वरच्या हातांची दिशा पाहावी, त्रिशूळ कोठे रोखला असेल याचा अंदाज घ्यावा, आणि तो अंदाज वहीत 'अंदाज' म्हणूनच लिहावा.